ता प्रोम: मुळं, दगड आणि टेकू

[भिंतीवरून उतरलेलं मूळ, जवळून]

हे ता प्रोम, कंबोडियातल्या अंगकोर या जुन्या राजधानीतलं दगडी मंदिर. हे मूळ नीट बघा. पक्ष्याच्या विष्ठेतून बी छतावर पडलं, फटीत रुजलं, मूळ भिंतीवरून उतरत जमिनीला लागलं आणि मग जाड होऊ लागलं. या भिंतींत चुना नाही. वालुकाश्मावर वालुकाश्म घासून बसवलाय. सगळा खेळ वजनाचा. फट बोटभर वाढली की वरचा थर सरकतो.

झाड कापावं, तर मूळ कुजून पोकळी होते आणि दगड खाली येतात. ठेवावं, तर वादळात शेंडा हलतो आणि मूळ पहारीसारखं दगड उचकटतं. म्हणून हे लोखंडी टेकू. काल्पनिक कथांमधली, व्हिडिओ गेममधली पडकी शहरं वेली-मुळं हौसेनं मिरवतात, टेकू मात्र कुठेच दिसत नाहीत.

[अरुंद दालन]

गेममधली प्रशस्त सभागृहंही इथं शक्य नव्हती. कंबोडियाचे ख्मेर गवंडी दोन्ही बाजूंचे थर थोडेथोडे पुढे काढत माथ्यावर मिळवत. दालन रुंद केलं की तोल गेलाच.

'कुणी हात न लावलेलं' हे रूपही ठरवून राखलेलं आहे. विसाव्या शतकात फ्रेंच संशोधकांनी अंगकोरची इतर बरीच मंदिरं मोकळी केली, हे झाडांसकट ठेवलं. तसं ठेवायचं म्हटलं तरी झुडपं छाटणं आणि आधार देणं चुकत नाही.

[नर्तकी मंडप]

इथं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं अंगकोरची देखभाल करणाऱ्या कंबोडियाच्या अप्सरा संस्थेबरोबर काम केलं. अंगकोरमधली रीत अशी: प्रत्येक दगडाला क्रमांक, आराखड्यात नोंद. वरून खाली थर उतरवायचे, पायाची खचलेली वाळू दाबून भरायची, मग त्याच क्रमानं पुन्हा रचायचं. मीटरभर लांब आणि अर्धा मीटर रुंद-उंच दगड साधारण पावणेसहाशे किलोचा. तुटला असेल तर आत स्टेनलेस स्टीलची सळई आणि इपॉक्सीचा गोंद. खालच्या थरात सेंटीमीटरभर चूक झाली तरी माथ्यावर दोन बाजू मिळत नाहीत, पुन्हा उतरवा.

[शिलालेख]

ख्मेर राजा जयवर्मन सातव्यानं ११८६ मध्ये हे मंदिर उभारलं. शिलालेखानुसार आवारात १२,६४० माणसं राहत. घरं लाकडाची, राजाचा वाडासुद्धा. दगड फक्त देवांना. म्हणून वस्ती संपली तशी घरंही गेली. २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेसर मोजणी झाली, तेव्हा झाडांखाली उंचवटे आणि तळ्यांची चौकट उमटली. कॅमेऱ्यात मात्र ती जमीन सपाटच दिसते.