पाव, पाव आणि पाव

(पहाट. वेंगुर्ल्याजवळची एक वाडी. सायकलचा भोंगा जवळ येतो.)

सकाळचे पावणेसात. भोंगा वाजला, की घरातून आवाज उठतो, "पाव इलो गे!" सायकलमागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक. ते बाजूला केलं, की आधी वाफ येते, मग भाजलेल्या पिठाचा वास. आजी एक लादी घेते आणि नातवाला सांगते, "येताना पाव किलो कांदे हाड. आणि वेतोबाक हात जोडून जा. पेपर हा ना आज? पावतलो तो."

एका दमात तीन पाव. ऐकायला एक, पण रक्ताचं नातं कुणाचंच कुणाशी नाही.

कांद्याचा पाव घरातलाच. संस्कृतात पाद म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून पाद म्हणजे चौथा हिस्सा. पादाचा प्राकृतात पाअ झाला आणि मराठीत पाव. पावशेर त्याचाच, चार आण्यांची पावली त्याचीच. भोंगा वाजतो ते पावणेसातसुद्धा त्याचेच: पाद ऊन, म्हणजे सातला पाव कमी.

(आरवली. वेतोबाचं देऊळ. नवसाच्या चामडी चपला.)

आरवलीच्या वेतोबाला नवस फेडताना चपला वाहतात, माणसाच्या पायापेक्षा कितीतरी मोठ्या. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात, अशी इथली श्रद्धा. जवळ जाऊन बघा: जाड तळवा, रुंद पट्टे, काठावर टाके. पायाशी एवढं नातं असलेला हा देव, पण त्याचं पावणं पायातून आलेलं नाही. ते आलं प्राप् या धातूतून, म्हणजे पोचणं, मिळणं. प्राकृतात पावइ, मराठीत पावणे. जुन्या पत्रांत "पत्र पावले" लिहीत, तेच हे. देव पावला म्हणजे हाक पोचली. मला या तिघांत हा शब्द सगळ्यात जवळचा वाटतो.

(समुद्र. होड्या. बेकरीची भट्टी.)

टोपलीतला पाव मात्र गलबतातून उतरला. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला. त्यांच्या भाषेत भाकरीला जो शब्द आहे तो नाकातून म्हणतात, आपल्या कानाला पांव ऐकू येतो. मूळ लॅटिन, पानिस. गोव्यात पाव भाजणारा तो पदेर, हाही त्यांचाच शब्द. यीस्ट नव्हतं तेव्हा पीठ फुगवायला माडाची ताडी वापरत. गोव्यात तिला सूर म्हणतात. म्हणजे शब्द परका, पण पाव फुगला तो आपल्या माडाच्या जोरावर. चावी, बटाटा, पगार हे शब्दही त्याच वाटेने आले. 1740 साली पोर्तुगीज चौल सोडून गेले, तरी पलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीजातून घडलेली बोली आजही घरात बोलतात.

पायांनी मळायचे म्हणून पाव, लादीचा चौथा तुकडा म्हणून पाव, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ऐकताना मला वाईट वाटतं. एवढा समुद्र ओलांडून आलेल्या शब्दाचा प्रवासच आपण पुसून टाकतो.

आता हाच आवाज घेऊन बाहेर पडा. लिस्बनमध्ये नाकातला सूर विसरलात, तर पाव मागताना तुम्ही लाकूड मागाल. तिथे पाउ म्हणजे लाकूड, लॅटिनमधल्या खुंटाच्या शब्दातून आलेलं. प्रागमध्ये पाव म्हणजे मोर! तोही लॅटिन पावो या मोरावरून, भाकरीशी काही संबंध नाही. आणि जपानात? पोर्तुगीज तिथे 1543 साली पोचले आणि आपला शब्द ठेवून गेले. जपानी लोक पावाला पान म्हणतात. आपल्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, "पान? विड्याचा?" तो पावाचा सख्खा भाऊ, आणि आपल्याला ओळखूच येत नाही.

(बेकरीचं गल्ल्याशेजारचं टेबल. दुपार.)

लग्नघरचा माणूस पाव न्यायला आलाय. मालक पुस्तक पुढे ओढतो, कार्बन सरकवतो, पिठाच्या बोटांनी लिहितो. कागदावर ठळक छापलंय: पावती. खाली निळ्या शाईत: पाव, 20 लाद्या.