सोडिअमला जागा देणारा निळा

(दृश्य: पांढऱ्या वाटीतल्या पाण्यात एक थेंब पडतो. गडद निळा रंग पसरत जातो.)

हा रंग पहिल्यांदा हाती लागला बर्लिनमध्ये, 1706 च्या सुमारास, आणि तोही चुकून. डिसबाख नावाच्या रंगकाराला कोचिनील किड्यापासूनचा लाल बनवायचा होता. पण त्याच्याकडच्या पोटॅशमध्ये जनावराच्या रक्ताचे अंश मिसळलेले होते. लाल बाजूलाच राहिला, भांड्यात गडद निळा उतरला. तो पुढे प्रशियन ब्लू म्हणून जगभर गेला. इमारतीच्या नकाशाची जुनी निळी प्रत, म्हणजे ब्लूप्रिंट, तिचा निळा हाच.

आता त्याच कुळातला पदार्थ सोडिअम-आयन बॅटरीचा कॅथोड, म्हणजे धन टोक, झाला आहे. या बॅटरीत लिथिअमऐवजी सोडिअमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, ये-जा करतात.

(दृश्य: घनाकृती जाळी हळूहळू फिरते.)

याचं कारण आतल्या रचनेत आहे. कोपऱ्यांवर लोहाचे अणू, त्यांना जोडणाऱ्या दांड्या सायनाइडच्या, आणि प्रत्येक घनाच्या पोटात एक मोकळी खोली. सायनाइड म्हटलं की दचकायला होतं. पण इथे ते लोहाला इतकं घट्ट धरून असतं, की हा निळा औषध म्हणून पोटात देतात. 1987 साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात भंगारात गेलेल्या उपचारयंत्रातलं किरणोत्सारी सीझिअम माणसांच्या शरीरात गेलं. तेव्हा रुग्णांना प्रशियन ब्लूच दिला गेला. आतड्यातलं सीझिअम त्याच्या जाळीत अडकलं आणि विष्ठेवाटे बाहेर पडलं.

सीझिअम आणि सोडिअम एकाच घराण्यातले, दोघेही अल्कली धातू. जी जाळी एकाला धरून ठेवते, तीच दुसऱ्याला आत-बाहेर करू देते. या पदार्थाबद्दल मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते याचं.

सोडिअमला अशा प्रशस्त जागेची गरजही आहे. त्याच्या आयनाची त्रिज्या सुमारे 1.02 अँगस्ट्रॉम, लिथिअमची 0.76. दुसऱ्या प्रकारच्या, थरांच्या ऑक्साइड कॅथोडमध्ये तो ये-जा करू लागला की थर एकमेकांवरून सरकतात, रचनेवर ताण येतो. या जाळीत त्याला वाट मोकळी मिळते.

(दृश्य: तीन काचपट्ट्या. पांढरी, निळी, हिरवट.)

सोडिअम पुरता भरला की निळा रंग उतरतो आणि पांढरी पूड मिळते: प्रशियन व्हाइट. बॅटरी चार्ज होताना सोडिअम बाहेर पडू लागतं, तसा निळा परततो. सगळं निघून गेलं की हिरवट छटा येते.

यात कोबाल्ट नाही, निकेल लागतंच असं नाही. ऑक्साइडला तासन्‌तास भट्टीत भाजावं लागतं, हा साध्या पाण्याच्या द्रावणातून साक्यासारखा खाली बसतो. किती सोपं!

आणि नेमकं तेच पाणी पुढे नडतं. तयार होतानाच पाण्याचे रेणू त्या खोल्यांत शिरून बसतात. सोडिअमची जागा अडते, आणि ते पाणी बॅटरीत सुटलं तर आतल्या द्रवाशी भलत्याच अभिक्रिया सुरू होतात. वरवर वाळवून ते जात नाही. फार तापवावं, तर जाळीच मोडते आणि सायनाइडचे विषारी वायू निघू शकतात.

अमेरिकेत ऑस्टिनला बॅटरी-संशोधक जॉन गुडइनफ यांच्या गटानं 2015 मध्ये दाखवून दिलं, की निर्वातात तापवून खोल्यांतलं पाणी काढलं तर जाळीचा आकारच बदलतो आणि कॅथोड कितीतरी चांगला चालतो. चीनच्या सीएटीएल कंपनीनं जुलै 2021 मध्ये आपली पहिली सोडिअम-आयन बॅटरी जाहीर केली, किलोमागे 160 वॅट-तासांची. तिच्या कॅथोडमध्ये प्रशियन व्हाइटच होता.

(दृश्य: कोरड्या हवेच्या बंद पेटीत, हातमोज्यांतले हात पांढरी पूड तोलत आहेत.)

वाळवलेली ही पूड उघड्यावर ठेवली, तर हवेतला दमटपणा पुन्हा ओढून घेते. म्हणून सेलचं तोंड बंद होईपर्यंत तिला बाहेरची हवा लागू द्यायची नाही.