अडलेलं चाक आणि उलटं विमान

(सोलापुरातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जुन्या वाड्याचं दार आठवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दाराचा सगळा रेटा कडीवर येतो आणि कडी हलायचं नाव घेत नाही. तुम्ही कडीशी झटत बसता का? नाही. खांद्यानं दार आत रेटता, मग कडी एका बोटानं निघते. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं लढाऊ विमान स्पिटफायर उडवणाऱ्या वैमानिकालाही कधीकधी हेच करावं लागायचं. फक्त तिथं रेटायला खांदा नव्हता, म्हणून तो अख्खं विमान क्षणभर उलटं करायचा.

गंमत म्हणून सांगत नाही. स्पिटफायरची चाकं पंखात मिटली की त्यांना एक पिन अडकवून ठेवते. उतरताना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या, दाबानं विमानाचा पाय, म्हणजे चाक ज्याला जोडलेलं असतं तो भाग, आधी किंचित वर उचलायचा, पिन मोकळी करायची आणि मगच चाक खाली सोडायचं. वैमानिकाजवळचा चाकं वर-खाली करायचा दांडा घाईनं ओढला तर पायाचं वजन पिनेवरच बसतं आणि दांडा अडकतो. मग तो परत पूर्ण पुढे ढकलायचा, थोडं थांबायचं, पुन्हा ओढायचा. तरीही हलला नाही तर विमान पालथं करायचं. वजन उलट्या दिशेला गेलं की पिन सुटते. चाक न येण्यामागे दर वेळी काही तुटलेलंच असतं असं नाही. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा नि चाकं सांभाळणारा तंत्रज्ञ, होतो. विमान जॅकवर चढवून चाकं वर-खाली करून बघताना आमची निम्मी भांडणं असल्याच पिना नि कड्यांशी व्हायची. उरलेली धुळीशी. पायाच्या शॉक अॅब्सॉर्बरचा तो चकचकीत दांडा असतो ना, त्यावर वाळलेल्या चिखलाचा बारीक खडा राहिला तरी आतलं सील कापलं जातं आणि तेल गळायला लागतं. त्यामुळे फडकं कायम खिशात.

पिनेनं ऐकलंच नाही तर शेवटचा उपाय म्हणजे कार्बन डायऑक्साइडची बाटली. लाल दांडा दाबला की बाटली फुटते आणि वायूच्या दाबानं चाकं खाली ढकलली जातात. पण बाटली एकच, आणि त्यानंतर चाकं पुन्हा वर घेता येत नाहीत. आता विचार करा, एक पाय आला आणि दुसरा आलाच नाही तर? एक चाक बाहेर ठेवून उतरणं हे दोन्ही मिटून उतरण्यापेक्षा वाईट. वेग कमी झाला की चाक नसलेल्या बाजूचा पंख जमिनीला टेकतो आणि विमान त्याच्याभोवती गरकन फिरतं. बाटली फोडण्याआधी वैमानिक दोनदा विचार करत असेल तो याचसाठी.

मुळात ही विमानं जमिनीवर अवघडलेलीच. स्पिटफायरचे पंख टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ ३७ फूट आणि दोन चाकांतलं अंतर सहा फुटांपेक्षाही कमी. जर्मन मेसरश्मिट १०९ चे पाय तर थेट धडालाच जोडलेले. पंख काढले तरी विमान स्वतःच्या पायावर उभं राहायचं, कारखान्याला सोयीचं. पण उतरताना ते एका बाजूला वळायला लागलं की सावरणं कठीण, आणि अशा अपघातांत ती विमानं ढिगानं मोडली. अमेरिकन मस्टँगच्या चाकांत जवळपास १२ फुटांचं अंतर, म्हणून ते निवांत. आणखी मागे गेलात तर रशियन आय-१६. त्याची चाकं मिटायला वैमानिकानं हातानं हँडल फिरवायचं, ४४ फेरे. उड्डाण झाल्या झाल्या रहाट ओढत बसल्यासारखं! एका हातात विमान सांभाळायची दांडी, दुसऱ्यात हँडल, आणि विमान डुलत चाललंय.

चाकं मिटलेलीच ठेवून पोटावर उतरायचं ठरलंच, तर इंधन होईल तेवढं जाळायचं, पट्टे आवळायचे, कॉकपिटचं झाकण आधीच उघडायचं, नाहीतर चौकट वाकली की आत अडकाल. टेकण्याआधी इंजिन बंद करायचं. पंख्याची पाती लाकडी असतील तर तुकडे होतात, धातूची असतील तर वाकतात. चालू इंजिनाला असा अचानक झटका बसला तर ते आतून तपासल्याशिवाय पुन्हा वापरता येत नाही.

आपल्याकडच्या वैमानिकांनीही स्पिटफायर चालवली आहेत. ब्रह्मदेशच्या आघाडीवर, आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये श्रीनगरहून. दिल्लीच्या पालम संग्रहालयात स्पिटफायर आहे. गेलात तर पंखाखाली वाकून ते दोन बारीक पाय बघा.

एका विद्यार्थ्यानं चिठ्ठी पाठवली आहे. पोटावर उतरायचं तर होटगी रोडच्या आपल्या विमानतळाची धावपट्टी की शेजारचं शेत? यावर वैमानिकांतही वाद आहे. ठिणग्या उडतील म्हणून जुन्या लोकांना गवत बरं वाटायचं. मी धावपट्टी म्हणेन. तिथं विमान सरळ घसरत जातं. आपली काळी माती मे महिन्यात फाटते, भेगेत हात जातो. ब्रिटिश हरिकेन किंवा मस्टँगसारख्या विमानाचा इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर पोटाखाली लोंबतो, तो एकदा रुतला की विमान नाकावर. आणि पहिल्या पावसानंतर? चिखलात रुतलेली बैलगाडी ज्यांनी ओढली आहे, असे चारजण इथं नक्की बसलेत, चहाच्या वेळी त्यांना गाठा.