नंबर दिला तो कशासाठी?

२०११ साल. अण्णा हजारे दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले, आणि देशभरातून मुंबईच्या एका नंबरवर मिस्ड कॉल येऊ लागले. घंटी वाजायची, कॉल कट व्हायचा, खिशातून पैसा जायचा नाही, पण लोकपालाच्या मागणीला आपला पाठिंबा नोंदला जायचा.

त्या मिस्ड कॉलचं मोल वेगळंच होतं. संपर्क आधी नागरिकाने साधला होता. त्यामुळे नंतर आंदोलनाचा एसएमएस आला, तरी तो आगंतुक वाटत नव्हता.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१२ मध्ये, मोबाईलवरून अफवा पसरल्या. ईशान्य भारतातली हजारो माणसं घाबरून बंगळुरू, पुणे सोडून गावी निघाली. सरकारने एकगठ्ठा एसएमएसवर १५ दिवसांची बंदी घातली. मेसेज कोणी पाठवला हे कळत नसेल, तर तो किती घातक ठरतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

आज संस्थेला एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे, तर डीएलटीवर, म्हणजे पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या टेलिकॉम कंपन्यांच्या ऑनलाइन प्रणालीवर, नोंदणी लागते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनी ही पद्धत आणली. कागदपत्रं द्या, सहा अक्षरांचं हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव म्हणून दिसणारी खूण, घ्या, मजकुराचं टेम्प्लेट, म्हणजे ठरावीक साचा, आधी मंजूर करून घ्या. कार्यकर्ते या खटाटोपाला वैतागतात. तरी तो करायलाच हवा. वाचणाऱ्याला पाठवणारा कोण हे कळण्याचा हक्क आहे.

मराठीत तर जागाही तोकडी. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७०. काना, वेलांटी, हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. एकट्या 'ग्रामसभा' शब्दाला ८ लागतात. हा मेसेज पाहा:

'१ मे, सकाळी ११, ग्रामसभा. विषय: पाणीपुरवठा.'

यातच ४३ संपली. उरलेल्या २७ मध्ये संस्थेचं नाव हवं, आणि मेसेज नको असल्यास काय करायचं तेही हवं. मावत नसेल तर दुसऱ्या एसएमएसचे पैसे भरा, पण या दोन गोष्टी गाळू नका.

आता बचत गटाच्या बैठकीत या. वही फिरते आहे. नाव, गाव, मोबाईल. यातले कितीतरी नंबर त्या बाईचे नसतातच. नवऱ्याचे असतात, मुलाचे असतात, कधी शेजारणीचे. 'कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध बैठक, नक्की या' हा मेसेज रात्री नवऱ्याच्या हातातल्या फोनवर आला, तर त्या घरात काय होईल? हा विचार पाठवणाऱ्याने आधी करायचा असतो. म्हणून नंबर घेतानाच विचारायचं: ताई, फोन कोणाकडे असतो? मेसेज चालेल का? किती वाजता बरं पडेल? उत्तर वहीत, नंबरच्या शेजारीच लिहून ठेवायचं. काही जणींना मेसेज पाठवायचाच नाही. त्यांच्याकडे कोणीतरी घरी जाऊन, दुसरं काही काम काढून, निरोप द्यायचा. वेळ जातो, पण दुसरा सुरक्षित मार्ग नाही.

आणखी एक मोह टाळायचा. आरोग्य शिबिरात रक्तदाब तपासायला आलेल्यांची यादी हाताशी असते. मोर्चा जवळ आला, की कोणीतरी म्हणतंच, 'आपल्याकडे नंबर आहेत की!' ते नंबर तपासणीच्या रिपोर्टसाठी दिलेले आहेत. मोर्चाचं कारण कितीही न्याय्य असो, ती यादी त्याला वापरायची नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमतीबद्दल हेच म्हणतो: ज्या कामासाठी घेतली, त्या कामापुरतीच. आणि ती देणं जितकं सोपं, काढून घेणंही तितकंच सोपं असलं पाहिजे.

अनेक मोहिमा एका टप्प्यावर फार कमी पडतात. 'या, या' म्हणून दहा मेसेज जातात. नंतर काय झालं, हे कोणी कळवत नाही. निवेदन तहसीलदारांनी घेतलं का? टँकर कधी येणार? मोर्चाला आलेल्या माणसाला याचं उत्तर त्याच नंबरवर मिळायला हवं, मागणी फेटाळली गेली असली तरी. मोहीम संपली, की यादी पुसून टाकायची. पुढच्या आंदोलनासाठी नंबर हवे असतील, तर पुन्हा वही घेऊन वस्तीत जायचं आणि पुन्हा विचारायचं.