स्क्रॅटचा शेवटचा घास

[दृश्य: बर्फाचा पांढरा विस्तार. संगीत नाही, फक्त वारा.]

जेमतेम अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आहे. 'आइस एज'मधला तो स्क्रॅट, लांब सुळ्यांची ती धांदरट खार, बर्फात उभा आहे. समोर एकॉर्न. ओकचं तेच फळ, ज्याच्या मागे तो 2002 पासून पाच सिनेमे धावला. त्या फळापायी बर्फाचे कडे कोसळले, खंडसुद्धा दुभंगले, पण ते त्याला सुखासुखी कधी लाभलं नाही.

आता तो एकॉर्नकडे बघतो. मग इकडेतिकडे बघतो. पायाखाली काही तडकत नाही, वरून काही पडत नाही. तो ते फळ उचलतो, गपकन तोंडात टाकतो, गिळतो आणि पळत पडद्याबाहेर निघून जातो.

बस, एवढंच.

एप्रिल 2022 मध्ये हा व्हिडिओ आला आणि ॲनिमेशनवर जीव लावणाऱ्या कितीतरी लोकांचे डोळे भरून आले. हा सीन कुठल्याच सिनेमातला नव्हता. 'आइस एज' बनवणारा ब्लू स्काय स्टुडिओ बंद होत असताना, शेवटच्या दिवसांत, तिथल्या मोजक्या कलाकारांनी एकत्र बसून तो केला होता. जाताजाता आपल्या स्क्रॅटला सुखाचा एक घास देऊन जाऊ, एवढंच त्यांच्या मनात होतं.

[दृश्य: रात्रीचं स्वयंपाकघर, दिव्याभोवती फिरणारा पतंग. रेखाचित्रात.]

ब्लू स्काय सुरू झाला 1987 मध्ये, न्यू यॉर्क राज्यात. पुढे तो शेजारच्या कनेक्टिकटमध्ये, ग्रिनिचला गेला. या मंडळींचा ध्यास होता प्रकाशाचा. खऱ्या जगात प्रकाश भिंतीवर आपटतो, तिथून टेबलावर येतो, येताना भिंतीचा रंग थोडासा सोबत आणतो. ही उसळी गणितानं पकडायचं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतः लिहिलं. संस्थापकांपैकी एक असलेल्या ख्रिस वेज यांच्या 1998 च्या 'बनी' या लघुपटात म्हातारी सशीण रात्री स्वयंपाकघरात एकटी असते आणि एक पतंग तिला सतावतो. गोष्ट एवढीशी. पण त्या खोलीतला उजेड बघितला की कळतं, हे लोक काय शोधत होते. त्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. चार वर्षांनी 'आइस एज' आला.

मग 2019 मध्ये डिस्नेनं फॉक्स या सिनेमा कंपनीचा मोठा पसारा विकत घेतला. ब्लू स्काय त्या पसाऱ्यातला एक छोटा तुकडा होता, तोही सोबत आला. फेब्रुवारी 2021 मध्ये स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि एप्रिलमध्ये कुलूप लागलं. तिथे साधारण साडेचारशे माणसं काम करत होती.

आणि त्यांच्या टेबलांवर एक सिनेमा अर्धवट उघडा पडलेला होता. 'निमोना'.

[दृश्य: चेहऱ्याचा तारांचा सांगाडा. एक भुवई हळूच वर जाते.]

इथे जरा थांबायला हवं, कारण बाहेरून बघताना आपला एक गैरसमज होतो. वाटतं, सगळं कॉम्प्युटरवरच तर आहे. फायली उचला, दुसऱ्या स्टुडिओला द्या, पुढचं काम ते करतील.

तसं होत नाही. पडद्यावरच्या प्रत्येक पात्राच्या आत एक रिग असते. म्हणजे त्याचा सांगाडा, आणि तो हलवायच्या शेकडो कळा. ओठाचा डावा कोपरा उचलायची कळ वेगळी, त्याबरोबर गाल किती फुगेल याची वेगळी. ही रिग त्या स्टुडिओच्या सॉफ्टवेअरसाठी, तिथल्या लोकांच्या सवयीनं बांधलेली असते. ब्लू स्कायचा प्रकाश तर त्यांच्या स्वतःच्याच प्रोग्रॅममध्ये तयार व्हायचा. स्टुडिओ बंद झाला की ते प्रोग्रॅम चालवणारे हात जातात. कुठला आकडा का बदलला होता हे ज्याच्या डोक्यात होतं, तो माणूस जातो. कोऱ्या डिस्क मागे राहिल्यासारखंच ते.

'निमोना' 14 जानेवारी 2022 ला यायचा होता. आम्ही ती तारीख धरून बसलो होतो. रूप बदलणारी एक अवखळ मुलगी आणि बदनाम झालेला एक सरदार यांची ही गोष्ट, एन. डी. स्टीव्हनसन यांच्या चित्रकथेवरून घेतलेली. तारीख आली आणि गेली. सिनेमा डब्यात गेला, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

पण ब्लू स्कायच्या दोन माजी प्रमुखांनी तो हातचा सोडला नव्हता. अन्नपूर्णा या निर्मितीसंस्थेनं तो घेतला, ॲनिमेशन डीएनईजी या दुसऱ्या स्टुडिओकडे आलं, आणि दिग्दर्शनाला पुन्हा ब्लू स्कायमधलेच दोघं दिग्दर्शक बसले, निक ब्रूनो आणि ट्रॉय क्वेन. 30 जून 2023 ला 'निमोना' नेटफ्लिक्सवर आला. पुढच्या वर्षी त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. जिला सगळे हाकलून देतात आणि जी तरीही परत येते, अशा मुलीची ही गोष्ट आहे. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा निम्मा वेळ मला निमोना दिसत होती आणि निम्मा वेळ ती बंद झालेली इमारत.

[दृश्य: कोरा स्टोरीबोर्ड. त्यावर एकेक चौकट उमटत जाते.]

स्टुडिओ बदलला म्हणजे दर वेळी घातच होतो, असंही नाही.

2004 मध्ये डिस्ने आणि पिक्सारचं फाटलं. पिक्सारची पात्रं कराराप्रमाणे डिस्नेच्या मालकीची होती, त्यामुळे डिस्नेनं सर्कल सेव्हन नावाचा वेगळा स्टुडिओ उभा केला. काम काय? पिक्सारच्या सिनेमांचे पुढचे भाग, पिक्सारशिवाय. तिथे 'टॉय स्टोरी 3' लिहिला जाऊ लागला. त्यात बझ नावाचं खेळणं बिघडतं, त्याला तैवानच्या कारखान्यात परत बोलावलं जातं आणि बाकीची खेळणी त्याला सोडवायला निघतात.

तेव्हा चाहत्यांचा जीव टांगणीला लागला होता. खेळण्यांतला वुडी तोच दिसेल, पण त्याला ज्यांनी घडवलं ते जवळ नसतील. जानेवारी 2006 मध्ये डिस्नेनं पिक्सारच 7.4 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. सर्कल सेव्हन बंद झाला, तिथली पटकथा बाजूला पडली, आणि पिक्सारच्या लोकांनी तिसरा भाग पहिल्यापासून लिहिला. तो आला 2010 मध्ये. मोठा झालेला अँडी आपली खेळणी दुसऱ्या मुलीच्या हातात देतो, वुडीपाशी येऊन क्षणभर अडखळतो, तो सीन आपल्याला मिळाला तो या खरेदीमुळे. आणि सर्कल सेव्हनमध्येही मनापासून चित्रं काढणारी माणसं होती, हेही मला विसरावंसं वाटत नाही. त्यांची चित्रं पडद्यावर कधी आली नाहीत.

[दृश्य: उड्या मारणारी सावली. चौकटी मोजता येतील इतक्या हळू.]

आता सध्याची सगळ्यात लांबलेली वाट. स्पायडर-मॅनच्या ॲनिमेशनपटांची मालिका असलेल्या स्पायडर-व्हर्सचा तिसरा भाग.

2018 च्या पहिल्या भागात एक खुबी आहे. सिनेमात एका सेकंदाला 24 चौकटी असतात. जंगलातल्या एका प्रसंगात पीटर हा जुना, सराईत स्पायडर-मॅन आहे, म्हणून त्याची हालचाल प्रत्येक चौकटीत बदलते. माइल्स हा नवखा स्पायडर-मॅन आहे, तर त्याची प्रत्येक पोझ दोन-दोन चौकटी टिकते. सेकंदाला बाराच. तो अडखळताना दिसतो, पण का ते प्रेक्षकाला सांगता येत नाही. पुढे तो सरावतो तशी त्याची हालचालही सलग होत जाते. असा विचार करणाऱ्या लोकांसाठी थांबायला मी कधीही तयार आहे.

दुसरा भाग जून 2023 मध्ये आला आणि ऐन मोक्यावर थांबला. तिसरा भाग 29 मार्च 2024 ला येणार, असं तेव्हा सांगितलेलं होतं. म्हणजे दहा महिन्यांच्या आत. त्याच सुमारास दुसऱ्या भागावर राबलेल्या काही कलाकारांचं म्हणणं छापून आलं. पूर्ण झालेले शॉट पुन्हा पुन्हा बदलले गेले, आठवड्याचे सातही दिवस काम चाललं, जवळपास शंभर जण मधेच सोडून गेले. निर्मात्यांची बाजू अशी की या प्रकारच्या सिनेमात बदल होतातच. जुलैमध्ये अभिनेत्यांचा संप सुरू झाला आणि ती तारीख वेळापत्रकातून निघाली. आता जून 2027 सांगितलं जातंय.

तारीख पुढे गेली की पूर्वी मी चिडायचो. आता आधी कामाच्या तासांचा विचार येतो. ज्या चौकटीत माइल्सचा हात जरासा चुकलाय असं मला वाटतं, ती कुणीतरी रात्री दोन वाजता सहाव्यांदा केलेली असू शकते. चार वर्षं लागत असतील तर लागू देत. मात्र ती वर्षं कलाकारांच्या वाट्याला आली पाहिजेत, फक्त बैठकांच्या नाही.

[दृश्य: रिकाम्या थिएटरात पडद्यावरचा उजेड.]

'कायोटी व्हर्सेस ॲक्मी'च्या वेळी तर सिनेमा पूर्ण झालेला होता. खरी माणसं आणि कार्टून एकत्र असलेला. नोव्हेंबर 2023 मध्ये वॉर्नर ब्रदर्सनं तो प्रदर्शित न करता करसवलतीसाठी तोट्यात दाखवायचं ठरवलं. कलाकार आणि प्रेक्षक इतके खवळले की कंपनीला तो इतरांना विकायची मुभा द्यावी लागली, आणि मार्च 2025 मध्ये केचप एंटरटेनमेंटनं तो घेतला. आपल्या ओरडण्यानं काय होतं, असं कुणी म्हटलं की मी हे उदाहरण देतो.

पुढच्या यादीत नावं सगळी ओळखीची आहेत. 'श्रेक 5' आधी 2026 मध्ये येणार होता, आता 2027 म्हणतात. पहिला 'श्रेक' जिथे घडला, तो पीडीआय स्टुडिओ 2015 मध्येच बंद झाला. 'फ्रोझन 3'साठी जेनिफर ली यांनी 2024 मध्ये डिस्ने ॲनिमेशनच्या प्रमुखपदाची खुर्ची सोडली आणि त्या पुन्हा दिग्दर्शनाकडे वळल्या. ही बातमी वाचून मला फार बरं वाटलं. आणि 'आइस एज'चा सहावा भागही जाहीर झालाय, ब्लू स्कायशिवाय.

[दृश्य: काळ्या पडद्यावर वर सरकणारी पांढरी अक्षरं.]

ॲनिमेशन सिनेमांच्या श्रेयनामावलीत, अगदी तळाशी, एक छोटी यादी असते. सिनेमा बनत असताना तिथल्या लोकांच्या घरी जन्मलेल्या बाळांची. फक्त पहिली नावं. 1995 च्या 'टॉय स्टोरी'तही ती आहे. ती बाळं आज तिशीत असतील.

नवीन सिनेमा आला की मी दिवे लागले तरी उठत नाही. ती यादी येईपर्यंत बसून राहतो आणि नावं मोजतो. जितकी नावं जास्त, तितका तो सिनेमा बनायला वेळ लागलेला असतो.