आयजीई साडेसहाशे आलं, म्हणजे इंजेक्शन लागू पडणारच का?

नमस्कार. पावसाळ्यात ठाण्यातल्या घरांच्या भिंतींना ओल धरते, गाद्या दमट होतात, आणि डस्ट माइटची किंवा बुरशीची ॲलर्जी असणाऱ्यांचा दमा उसळतो. इनहेलर रोज आणि नीट ओढूनही तो आटोक्यात येत नसेल, तर ओमालिझुमॅब या इंजेक्शनचं नाव निघतं. ही अँटिबॉडी रक्तातलं आयजीई, म्हणजे ॲलर्जी भडकवणारं प्रथिन, पकडून ठेवते. मग पेशंट म्हणतो, ‘माझं आयजीई साडेसहाशे, मला गुण येणारच!’

तसं नसतं. आयजीई आणि वजनावरून डोस ठरतो. वजन ६५ किलो, आयजीई १५० असेल, तर दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम. गुण येईल की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

त्यासाठी आधी एईसी बघा, म्हणजे रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या. रिपोर्टवर नुसते टक्के असतील तर हिशेब करा: पांढऱ्या पेशी ८०००, इओसिनोफिल ४ टक्के, एईसी ३२०. जोडीला फेनो, यंत्रात दहाएक सेकंद एका लयीत श्वास सोडून श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजणारी तपासणी. ओमालिझुमॅबच्या ‘एक्स्ट्रा’ नावाच्या चाचणीचं २०१३ मधलं विश्लेषण सांगतं, की एईसी २६० किंवा जास्त असणाऱ्यांत ॲटॅक ३२ टक्क्यांनी घटले, कमी असणाऱ्यांत ९. फेनो १९.५ किंवा जास्त असेल तर ५३, कमी असेल तर १६. पण फ्रान्सच्या स्टेलेअर पाहणीत कमी एईसीवाल्यांनाही तेवढाच गुण दिसला! म्हणून आमच्या मते नुसत्या एईसीवरून कुणाला नकार देऊ नये. लहानपणापासूनचा दमा, अंथरूण झटकताच लागणारी धाप, हेही विचारा. घोडबंदर रोडच्या धुराने येणारा खोकला मात्र यात धरू नका, तो बहुतेकदा ॲलर्जीचा नसतो.

खरी गडबड रक्त कधी दिलं यात होते. ॲटॅक आला, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू केली आणि दोन दिवसांनी लॅब गाठली, तर एईसी पार खाली आलेला दिसतो. जुने सीबीसी, म्हणजे रक्तपेशींचे रिपोर्ट, शोधून काढा. जंतांमुळे तो उलट वाढतो, तेव्हा शौच तपासून घ्या. आयजीई पाचशे किंवा जास्त असेल तर आधी ॲस्परजिलस बुरशीची तपासणी.

सुरू केल्यावर १६ आठवडे थांबा. तेव्हा ॲटॅक, रात्रीची जाग आणि स्टेरॉइडच्या गोळ्या किती कमी झाल्या ते मोजा. आयजीई पुन्हा तपासू नका. औषधाला चिकटलेलं आयजीई शरीरातून हळू बाहेर पडतं, त्यामुळे आकडा वाढलेलाच येतो. काहीच फरक नसेल आणि एईसी जास्त असेल, तर इओसिनोफिल कमी करणाऱ्या मेपोलिझुमॅब किंवा बेनरालिझुमॅब या इंजेक्शनांबद्दल छातीच्या डॉक्टरांशी बोला.