अंगाला लागत नाही, म्हणजे नेमकं काय?

श्रोते हो, नमस्कार.

"डॉक्टर, हिच्या अंगाला काही लागतच नाही." माझ्या दवाखान्यात आठवड्यातून चार-पाचदा तरी हे वाक्य कानावर पडतं. बहुतेक वेळा ते आजी बोलतात. आई मागे उभी असते, मान खाली घालून. आज मी मुख्यतः त्या आईशी बोलणार आहे.

परवाच एक २२ महिन्यांची मुलगी आली होती. आजींचं म्हणणं, "शेजारचा पोरगा हिच्याच वयाचा, पण हिच्या दीडपट दिसतो." तेवढ्यात बाईसाहेब खुर्चीवर चढून माझा टॉर्च घेऊन बसल्या होत्या. अंगावर फक्त चड्डी ठेवून वजन केलं, ९.२ किलो. मग लांबी. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला झोपवून मोजतात. एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे अलगद दाबून पाय सरळ करायचे. मूल हातपाय झाडतं, रडतं आणि सेंटिमीटरभर फरक तिथेच पडतो, म्हणून आम्ही दोनदा मोजतो. भरली ८० सेंटिमीटर.

मग मी आईकडे कार्ड मागितलं. गरोदरपणात मिळतं ते माता-बाल संरक्षण कार्ड. रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं होतं. जन्माचं वजन २.६ किलो. वर्षाच्या वाढदिवसाच्या सुमारास ७.५. दीड वर्षाला ८.६. अंगणवाडीच्या ताईंनी दर महिन्याला वजनाचा ठिपका दिला होता. ते ठिपके जोडले तर हिरव्या, म्हणजे योग्य वाढीच्या, पट्ट्याच्या खालच्या बाजूने, पण पट्ट्याच्या आतूनच, एक रेष शांतपणे वर चढत होती. मुलगी लहान चणीची होती, पण तिची वाढ चालू होती.

एका ठिपक्यावरून काही ठरवता येत नाही. बघायची ती रेष. शेजारचं मूल तर त्या कार्डावर नसतंच.

आता भुकेचं. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं, ५० सेंटिमीटरचं ७५ होतं. त्या वेगाची आपल्याला सवय लागते. दुसऱ्या वर्षात मात्र मूल जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. त्यात मूल चालायला लागलेलं असतं, बाळसं उतरतं, बरगड्या दिसायला लागतात. म्हणजे आई ज्या महिन्यांत "हा आता जेवतच नाही" म्हणून रडकुंडीला येते, नेमक्या त्याच महिन्यांत त्याला पूर्वीइतकी भूक नसणं स्वाभाविक असतं. ही एक गोष्ट वेळेवर सांगितली असती तर कितीतरी घरांतलं जेवणाच्या वेळचं रडणं वाचलं असतं.

पण इथेच मला दुसरी बाजूही सांगायला हवी. "आमचं घराणंच बारीक, बुटकं" हे वाक्य मी फार ऐकते, आणि ते पटकन मान्य करायला मी आता तयार नसते. आईवडिलांची उंची मुलात उतरते हे खरंच. पण आईची उंची कमी का राहिली? तिच्या लहानपणी तिला पुरेसं मिळालं होतं का? जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या मुलांची वाढ मोजली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपल्याकडे दक्षिण दिल्ली. आईचं दूध, नीट वरचं अन्न, स्वच्छता, लसी हे सगळं मिळालेली मुलं निवडली होती. तेव्हा असं दिसलं की दिल्लीची मुलं आणि नॉर्वेतल्या ऑस्लोची मुलं पहिल्या पाच वर्षांत जवळपास सारखीच वाढतात. आज तुमच्या कार्डावर छापलेल्या रेषा त्याच मोजमापातून आल्या आहेत. आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. ही सगळी काही घराण्याने बुटकी नाहीत.

एकदा मी स्वतः इथे चुकले आहे. दीड वर्षाचा मुलगा सर्दीसाठी आला होता. बारीक होता, आईवडीलही बारीक. मी म्हणाले, काळजी करू नका, तुमच्यावर गेलाय. कार्ड मागितलं नाही. तीन महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा तळहात पांढुरके दिसले. मग कार्ड पाहिलं, तर वर्षाचा झाल्यापासून रेष आडवी पडली होती. विचारलं तर दिवसाला लिटरभर म्हशीचं दूध, बाटलीने. घरात दुभती म्हैस, प्रेमाने पाजायचे. दुधाने पोट भरायचं, जेवणाला जागा उरायची नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. रक्त कमी, म्हणून भूक कमी, म्हणून पुन्हा दूध. बाटली बंद केली, दूध निम्म्यावर आणलं, लोहाचं औषध दिलं आणि काही महिन्यांत रेष वर वळली. पण ते तीन महिने माझ्यामुळे गेले.

म्हणून आयांनो, वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसभरात ४०० ते ५०० मिलिलिटर वरचं दूध पुष्कळ झालं. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत, त्यापुढेही चालू द्या, फक्त जेवण त्याच्या आधी. वरणाचं पाणी हे तर आपल्याकडचं मोठं फसवं अन्न. वाटीभर वरणाच्या पाण्याने पोट टम्म होतं आणि अंगाला खरंच काही लागत नाही. वरण घट्ट हवं, चमच्यावरून ओघळून न जाणारं. मऊ भातात ते कालवा आणि वर चमचाभर तूप किंवा तेल. मुलाची वाटी लहान असते, ती मोठी करता येत नाही, पण त्याच वाटीत ताकद वाढवता येते. खिचडीत शेंगदाण्याचं कूट, नाचणीच्या सत्त्वात गूळ-तूप, अंडं चालत असेल तर रोज एक. अख्खे शेंगदाणे मात्र देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. चहा-बिस्किट नको, चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही. आणि पाच रुपयांची ती चुरचुरीत पाकिटं जेवणाआधी हातात दिली की पुढचं ताट परत आलंच म्हणून समजा.

त्याला वेगळी ताटली द्या, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. हाताने खाऊ द्या, सांडू द्या. चिऊचा घास, काऊचा घास करा, पण अर्ध्या तासात ताट उचला. तोंड घट्ट मिटलं की पोट भरलं. नाक दाबून कोंबू नका, मोबाइल दाखवून भरवू नका. दोन-तीन तासांनी त्याला पुन्हा भूक लागेल. ताटात काय वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते त्याने.

लोहाचं सिरप, दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व अ आणि वर्षानंतर जंताचं औषध हे अंगणवाडीत आणि आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळतं. तेवढं चुकवू नका.

थांबू नका असे काही प्रसंग आहेत. दोन-तीन महिने वजन जागचं हललं नाही, किंवा रेष खालच्या पट्ट्यात उतरली. जुलाब पंधरा दिवसांच्या वर चालले. घरात कुणाला क्षय आहे आणि मुलाचा खोकला थांबत नाही. मूल सुस्त आहे, शौचाला घट्ट होतं, वर्षाच्या मुलासारखं वाटतं पण दोन वर्षांचं आहे. तिथे थायरॉइड तपासावं लागतं. दोन वर्षांनंतर वर्षभरात उंची ५ सेंटिमीटरही वाढली नाही. दोन्ही पावलांवर सूज आली, किंवा ताईंच्या पट्टीवर दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

त्या २२ महिन्यांच्या मुलीला मी टॉनिक लिहून दिलं नाही. आजी जरा नाराज झाल्या. मग मी त्यांना कार्डावरची रेष बोट ठेवून दाखवली, जन्मापासून परवापर्यंत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सुनेला म्हणाल्या, "एवढं चढली होय गं ही?" आईने पहिल्यांदा मान वर केली. पोरीने टॉर्च काही परत दिला नाही, तो तिच्या मुठीतून सोडवून घ्यावा लागला. पुढच्या महिन्यात अंगणवाडीत वजन, तीन महिन्यांनी माझ्याकडे.

नमस्कार.